टेक्सासमधील ड्युअल क्रेडिट: विज्ञानाचे विषय कोणत्या क्रमाने निवडावेत

टेक्सासच्या सरकारी हायस्कुलांत पुढील वर्षाच्या विषयनिवडीचे अर्ज साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत भरून घेतले जातात, आणि त्या सुमारास आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून ठरलेला प्रश्न येतो: "ड्युअल क्रेडिटला केमिस्ट्री घ्यायची की बायोलॉजी?" या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण तो दोन-तीन पायऱ्या गाळून विचारलेला असतो. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक सरकारी कॉलेजचा) अभ्यासक्रम पूर्ण करून दोन्हीकडचे क्रेडिट मिळवण्याची ही सोय उत्तम आहे. परंतु विषय आधी आणि बाकीचा विचार नंतर, अशी सुरुवात केली तर मिळालेले क्रेडिट पुढे विद्यापीठात उपयोगी पडेल याची खात्री राहत नाही.

या चुकीचे मूळ आपल्या सवयीत आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात अकरावीला पीसीएम किंवा पीसीबी असा गट घेतला की आतले विषय ठरलेलेच असत, आणि बारावीचे गुण प्रवेशापुरते मोजले जात. येथे एकाच नावाचे तीन-तीन अभ्यासक्रम असतात, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि सोळाव्या वर्षी मिळालेला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषय व ग्रेडांच्या अधिकृत पत्रकावर, कायम राहतो. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत.

तयारी: विषय बघण्यापूर्वी जमवायचे कागद

दहावीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार गोष्टी एका फाइलमध्ये ठेवाव्यात. पहिली, हायस्कूलचा आजवरचा ट्रान्सक्रिप्ट, ज्यावर गणितात मूल नेमके कोठे आहे हे स्पष्ट दिसते. दुसरी, आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, ड्युअल क्रेडिटची यादी. कॉलेजचा कोणता क्रमांक हायस्कूलच्या कोणत्या विषयासाठी धरला जातो आणि त्याला अर्धे क्रेडिट मिळते की पूर्ण, हे डिस्ट्रिक्ट ठरवते, कॉलेज नव्हे. तिसरी, डिस्ट्रिक्टचा जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजण्याचा नियम. चौथी, मुलाच्या मनात असलेल्या दोन किंवा तीन विद्यापीठांचे त्या-त्या पदवीचे डिग्री प्लॅन, म्हणजे पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंतचा विषयांचा तक्ता. तो विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर उघडपणे उपलब्ध असतो.

चौथा कागद बहुतेक घरांत नसतो. "अजून काही ठरलेले नाही" हे त्याचे कारण सांगितले जाते. ठरलेले नसले तरी चालते. इंजिनिअरिंगकडे कल आहे, वैद्यकीय शाखेकडे आहे, की विज्ञानाबाहेर आहे, एवढे कळले तरी पुढचा टप्पा करता येतो. तेवढेही सांगता येत नसेल तर अकरावीत ड्युअल क्रेडिटला इंग्रजी किंवा इतिहास घ्यावा आणि विज्ञान एक वर्ष पुढे ढकलावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

१. पदवीपासून मागे या

डिग्री प्लॅनच्या पहिल्या दोन वर्षांत विज्ञानाचे जे विषय दिसतात तेवढेच कागदावर उतरवून घ्यावेत. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत सर्वांसाठी ४२ क्रेडिट तासांचा कोअर अभ्यासक्रम असतो आणि त्यांपैकी ६ तास जीव व भौतिक विज्ञानांचे असतात. विज्ञानाचा कोणताही कोअर विषय हे ६ तास भागवू शकतो. येथेच पालक फसतात: कोअर भागणे आणि पदवीची गरज भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूगर्भशास्त्राने कोअर भागेल, पण केमिकल इंजिनिअरिंगच्या तक्त्यातील रसायनशास्त्र तसेच शिल्लक राहील.

ढोबळ मानाने चित्र असे असते. केमिकल इंजिनिअरिंग, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि वैद्यकीय शाखेची पूर्वतयारी यांना वर्षभराचे जनरल केमिस्ट्री लागते. इतर इंजिनिअरिंग शाखांत काही ठिकाणी एकाच सत्राचे रसायनशास्त्र पुरते, मात्र भौतिकशास्त्र कॅल्क्युलसवर आधारलेलेच लागते. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांना जीवशास्त्राची दोन सत्रे विज्ञान पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेलीच हवीत. नर्सिंगला शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र लागते. वाणिज्य, कला, कायदा यांकडे जाणाऱ्यांना मात्र मोकळे रान आहे; त्यांनी आवडीचा विषय घ्यावा, खगोलशास्त्रही घ्यावे.

पडताळणी: कागदावर विषयाच्या नावापुढे "कोणत्या पदवीसाठी, कोणत्या विद्यापीठात" हे लिहिता येत नसेल, तर तो विषय अजून यादीत येण्यास पात्र नाही.

२. नाव वाचू नका, क्रमांक वाचा

टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत अभ्यासक्रमांचे क्रमांक राज्यभर समान असतात. क्रमांकाचा पहिला अंक पातळी सांगतो: १ म्हणजे पहिल्या वर्षाचा, २ म्हणजे दुसऱ्या वर्षाचा. दुसरा अंक क्रेडिट तास सांगतो. म्हणजे केम १४११ हा पहिल्या वर्षाचा, ४ क्रेडिटचा अभ्यासक्रम झाला, ज्यात व्याख्यान आणि प्रयोगशाळा दोन्ही येतात. काही कॉलेजे तेच दोन तुकड्यांत देतात: केम १३११ हे ३ क्रेडिटचे व्याख्यान आणि केम ११११ ही १ क्रेडिटची लॅब. केवळ १३११ घेऊन ११११ राहिलेला विद्यार्थी विद्यापीठात पोहोचतो तेव्हा त्याचे रसायनशास्त्र लॅबशिवायचे ठरते, आणि एका क्रेडिटसाठी पुन्हा धडपड करावी लागते.

आता एका नावाखाली दडलेले फरक बघू, कारण सर्वांत महाग चुका येथे होतात.

रसायनशास्त्रात केम १४०५ हे प्रास्ताविक रसायनशास्त्र आहे, केम १४०६ हे आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांकडे जाणाऱ्यांसाठीचे प्रास्ताविक रसायनशास्त्र आहे, केम १४०९ हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीचे एका सत्राचे आहे, आणि केम १४११ व १४१२ ही विज्ञान शाखेची वर्षभराची जोडी आहे. टेक्सास ए अँड एमच्या इंजिनिअरिंगमध्ये पहिल्या वर्षाचे जे रसायनशास्त्र असते ते १४०९ शी जुळणारे आहे. पण तेच मूल उद्या बायोकेमिस्ट्रीकडे वळले तर १४०९ त्याच्या कामाचे राहणार नाही.

जीवशास्त्रात बायोल १४०६ व १४०७ विज्ञान पदवी घेणाऱ्यांसाठी, तर १४०८ व १४०९ इतरांसाठी. दोन्हींच्या नावात "बायोलॉजी" आहे, दोन्हींत लॅब आहे, दोन्ही ४ क्रेडिटचे आहेत. वैद्यकीय शाखेचे स्वप्न बघणारी मुले "१४०८ सोपे आहे, ए मिळेल" म्हणून ते घेतात आणि नंतर १४०६ पुन्हा घेतात. बायोल २४०१ व २४०२ म्हणजे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र. नर्सिंगसाठी ते हवेच, पण त्याला १४०६ चा पर्याय समजू नये. नर्सिंगच्या मार्गावरचे सूक्ष्मजीवशास्त्र बायोल २४२० असते. विज्ञान पदवीसाठीचे २४२१ वेगळे.

भौतिकशास्त्रात फिजिक्स १४०१ व १४०२ हे बीजगणित आणि त्रिकोणमितीवर चालते, २४२५ व २४२६ हे कॅल्क्युलसवर. जीवशास्त्र आणि वैद्यकीय मार्गाला पहिली जोडी बहुधा पुरते, इंजिनिअरिंगला पुरत नाही. फिजिक्स १४०३ आणि १४०४ पाहून भौतिकशास्त्राचा पुढचा भाग आहे असे समजू नये. ते तारे व दीर्घिका आणि सूर्यमाला, म्हणजे खगोलशास्त्र आहे. सलग क्रमांक दिसला म्हणून १४०२ नंतर १४०३ घेणारा विद्यार्थी मी पाहिला आहे.

आमच्या घरातली चूक सांगतो. थोरल्या मुलीला अकरावीत रसायनशास्त्र घ्यायचे होते. १४११ ची लॅब मंगळवारी व गुरुवारी दुपारी होती आणि त्याच वेळी तिच्या मार्चिंग बँडचा सराव असे. शाळेने सुचवले की १४०५ ची वेळ सोयीची आहे, "केमिस्ट्रीच आहे". आम्ही दोघे आईवडील, दोघेही विज्ञानाचे पदवीधर, आणि आमच्यापैकी एकानेही क्रमांक शोधून पाहिला नाही. तिला ए मिळाला. विद्यापीठाच्या ओरिएंटेशनच्या दिवशी सल्लागाराने पडदा आमच्याकडे वळवला, तेव्हा तिच्या चार क्रेडिटपुढे ऐच्छिक असे लिहिलेले होते आणि रसायनशास्त्राची जागा कोरी होती. तिने पहिल्या सत्रात १४११ चा समकक्ष विषय घेतला. शिकलेले वाया गेले नाही, ते तिला सोपे गेले. पण ज्या क्रेडिटसाठी सगळा खटाटोप केला होता ते गेले.

पडताळणी: प्रत्येक क्रमांक लक्ष्य विद्यापीठाच्या समकक्षता यादीत टाकून बघावा. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम या दोन्हींच्या संकेतस्थळांवर असा शोध करता येतो: कॉलेजचे नाव निवडावे, क्रमांक टाकावा, समोर विद्यापीठाचा कोणता विषय येतो ते वाचावे. समोर आलेला विषय डिग्री प्लॅनमध्ये शब्दशः दिसला पाहिजे. त्या पानाची प्रत तारखेसह जतन करावी.

सावधान: ही समान क्रमांकांची सोय टेक्सासपुरती आहे. खासगी विद्यापीठे आणि इतर राज्यांतील विद्यापीठे स्वतःचे नियम लावतात, आणि त्यांपैकी अनेक जण हायस्कूलच्या पदविकेसाठी धरलेले किंवा हायस्कूलच्या इमारतीत शिकवलेले कॉलेज क्रेडिट देत नाहीत. अशा विद्यापीठांचे ध्येय असेल तर ड्युअल क्रेडिटचे विज्ञान क्रेडिटसाठी नव्हे, अर्जात तयारी दिसावी म्हणून घेतले जाते, आणि मग निवडीचा हिशेबच बदलतो.

३. गणिताचा जिना

विज्ञानाचा विषय मुलाच्या आवडीवर जितका अवलंबून असतो त्याहून अधिक त्याच्या गणितावर अवलंबून असतो. केम १४११ साठी बहुतेक कॉलेजे कॉलेज अल्जिब्रा, म्हणजे मॅथ १३१४, किंवा त्या तोडीची तयारी मागतात. फिजिक्स २४२५ साठी कॅल्क्युलस १, म्हणजे मॅथ २४१३, आधी झालेले किंवा सोबत चालू असलेले लागते. फिजिक्स १४०१ ला त्रिकोणमिती हवी.

यावरून वर्षांचा हिशेब मांडावा. अकरावीत प्रीकॅल्क्युलस करणाऱ्या मुलाने त्याच वर्षी केम १४११ घ्यावे आणि २४२५ चा विचार बारावीआधी करू नये. अकरावीत अल्जिब्रा २ मध्ये असलेल्या मुलाला १४११ घेऊ देणारे कॉलेज भेटेलही, परंतु अल्जिब्रा पक्के नसताना रसायनशास्त्राची गणिते सोडवावी लागतील. अशा मुलाने आधी गणित पुढे न्यावे. बायोल १४०६ ला गणित कमी लागते, वाचन पुष्कळ लागते. रेणूंच्या पातळीवरचे जीवशास्त्र असल्यामुळे हायस्कूलचे रसायनशास्त्र झालेले असणे बरे, मग अभ्यासक्रमात तशी अट असो वा नसो.

कॅल्क्युलस सोबत चालू असताना २४२५ घेणे नियमाने चालते, परंतु मला ते धोक्याचे वाटते. भौतिकशास्त्रात डेरिव्हेटिव्ह पहिल्या काही आठवड्यांत वापरायला लागते, तर गणिताच्या वर्गात तोवर लिमिट चालू असते. कॅल्क्युलस १ पूर्ण झाल्यावरच २४२५ घेणारी मुले निश्चिंत असतात.

४. एपी की ड्युअल क्रेडिट: रँकचा हिशेब

या टप्प्यावर बरेच पालक मित्राच्या मुलाचे अनुकरण करतात, आणि तो मुलगा दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असतो. टेक्सासमध्ये वर्गातील क्रमाला प्रवेशात कायद्याने महत्त्व आहे: सरकारी विद्यापीठांत पहिल्या १० टक्क्यांना आपोआप प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठासाठी ही मर्यादा २०२६ च्या फॉल सत्रापासून ५ टक्के आहे, त्याआधी ती ६ टक्के होती. हा प्रवेश विद्यापीठात असतो, हव्या त्या शाखेत नव्हे, हेही येथेच लक्षात घ्यावे.

क्रम जीपीएवर ठरतो आणि जीपीएमध्ये एपी विषयाला (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या, शेवटी बाह्य परीक्षा असलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयाला) किती वजन व ड्युअल क्रेडिटला किती, हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट स्वतः ठरवते. काही ठिकाणी दोन्हींना समान वजन असते, काही ठिकाणी एपीला अधिक. जेथे एपीला अधिक वजन आहे आणि मूल कटऑफच्या काठावर आहे, तेथे एपी केमिस्ट्री सोडून केम १४११ घेतल्याने क्रम घसरू शकतो. तयारीत मागवलेला तिसरा कागद यासाठी होता. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. नियम छापील वाचावा.

दुसरा फरक जोखमीचा आहे. एपीमध्ये क्रेडिट मे महिन्यातल्या एका परीक्षेवर ठरते. गुण कमी आले तर क्रेडिट मिळत नाही, पण कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर डागही पडत नाही. ड्युअल क्रेडिटमध्ये सत्रभराच्या कामावर ग्रेड मिळतो, एका दिवसाचा ताण नसतो, आणि मिळालेला सी मात्र कायमचा राहतो. ज्या मुलाचे काम नियमित आहे पण परीक्षेत हात थरथरतो, त्याला ड्युअल क्रेडिट मानवते. ज्याला शेवटच्या महिन्यात झपाट्याने अभ्यास करण्याची सवय आहे, त्याला एपी.

वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. मेडिकल कॉलेजांचे केंद्रीय अर्ज, देशभराचा एएमसीएएस असो वा टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा टीएमडीएसएएस, हायस्कूलमध्ये असताना घेतलेले सर्व कॉलेज अभ्यासक्रम मागतात, आणि त्यांचे ग्रेड विज्ञानाच्या जीपीएमध्ये मोजले जातात. विद्यापीठाने ते क्रेडिट स्वीकारले नाही तरी ग्रेड मोजला जातो. म्हणून वैद्यकीय मार्गावरच्या मुलाने ड्युअल क्रेडिटमध्ये वर्षाला विज्ञानाचा एकच विषय घ्यावा, आणि तोही ए मिळण्याची खात्री असेल तेव्हाच. जनरल केमिस्ट्री व जीवशास्त्र विद्यापीठात जाऊन घेण्यात कोणतीही हानी नाही.

सावधान: एकाच विषयासाठी एपीही आणि ड्युअल क्रेडिटही घेऊ नये. एपी केमिस्ट्री आणि केम १४११ या दोन्हींतून क्रेडिट एकदाच मिळते.

५. वर्ग कोठे, किती आठवड्यांचा, आणि लॅब कशी

तोच क्रमांक तीन प्रकारे मिळू शकतो: हायस्कूलच्याच वर्गात पात्र शिक्षकाकडून, कॉलेजच्या आवारात, किंवा ऑनलाइन. विज्ञानासाठी कॉलेजचे आवार पहिली पसंती, हायस्कूलचा वर्ग दुसरी, आणि ऑनलाइन लॅब शेवटची. घरी येणाऱ्या पेटीतल्या साहित्यावर किंवा पडद्यावर केलेली लॅब काही व्यावसायिक अभ्यासक्रम मानत नाहीत, आणि ब्युरेटची तोटी नेमकी किती फिरवायची ते पडद्यावर कळत नाही.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करावा. ४ क्रेडिटच्या विज्ञान विषयाला १६ आठवड्यांच्या सत्रात सहसा आठवड्याला ३ तास व्याख्यान आणि ३ तास लॅब असते. घरचा अभ्यास आणि लॅबचा अहवाल धरून १२ ते १५ तास सहज जातात. अनेक कॉलेजे हाच अभ्यासक्रम ८ आठवड्यांत देतात. तेव्हा वर्गातले तासच आठवड्याला १२ होतात. आठ आठवड्यांचे इतिहासाचे सत्र जमून जाते. आठ आठवड्यांचे १४११ हायस्कूलच्या सहा विषयांसोबत घेऊ नये. एक आठवडा ताप आला तरी दोन प्रकरणे मागे पडतात.

कॉलेजचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक जुळत नाही, हेही आधी पाहावे. कॉलेजच्या फॉल परीक्षा डिसेंबरच्या पूर्वार्धात येतात, स्प्रिंगच्या परीक्षा मे महिन्यात एपीच्या परीक्षांना भिडतात, आणि लॅबची गैरहजेरी भरून देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. डिसेंबरची मुंबईची तिकिटे काढण्यापूर्वी कॉलेजचे कॅलेंडर उघडावे. आजीचे सहस्रचंद्रदर्शन हे लॅब बुडवण्याचे मान्य कारण ठरत नाही.

जोडी तोडू नये, हा या टप्प्यावरचा शेवटचा मुद्दा. १४११ कम्युनिटी कॉलेजात आणि १४१२ विद्यापीठात, असे केल्यास चालते. पण दोन ठिकाणी प्रकरणांचा क्रम वेगळा असतो आणि मधल्या फटीत एखादे प्रकरण दोन्हीकडे निसटते. शक्य असेल तर जोडी एकाच ठिकाणी, एकाच वर्षात संपवावी.

६. पात्रता आणि नोंदणी

येथे विचार करण्यासारखे थोडे आहे, मुदती सांभाळण्यासारखे अधिक. कॉलेजचा अर्ज त्या कॉलेजने सांगितलेल्या संकेतस्थळावरून भरावा लागतो. कॉलेजची तयारी सिद्ध करण्यासाठी टीएसआयए२ ही परीक्षा असते: गणितात ९५० आणि इंग्रजीत ९४५ गुणांसह निबंधात ५ गुण मिळाले की वाट मोकळी होते. एसएटी या प्रवेशपरीक्षेत गणितात ५३० आणि वाचन-लेखनात ४८० असतील तर ही परीक्षा द्यावी लागत नाही. विज्ञानाच्या विषयांसाठी वाचन आणि गणित हे दोन्ही भाग आधीच पार करून ठेवावेत. गणित नंतर बघू म्हणणाऱ्याला १४११ च्या नोंदणीत अडकावे लागते.

कॉलेजच्या आवारात वर्ग असेल तर मेनिंजायटिसच्या लसीचा दाखला लागतो. ती लस मागील ५ वर्षांत आणि सत्र सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. ऑगस्टच्या मध्यावर हे आठवलेल्या घरांची धावपळ दरवर्षी पाहायला मिळते.

नोंदणीच्या वेळी पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि आपल्या कागदावरचा क्रमांक एकदा मोठ्याने वाचून ताडून पाहावा. शाळेचा समुपदेशक शंभरांवर मुलांचे अर्ज भरत असतो. तो चुकला तर परिणाम आपल्या मुलाला भोगावे लागतात.

पडताळणी: १३११ ची नोंदणी झाली असेल तर ११११ ही झाली आहे का? पूर्वअट झालेल्या गणिताचा गुण कॉलेजच्या नोंदीत पोहोचला आहे का? हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर हा विषय विज्ञानाचे चौथे क्रेडिट म्हणून धरला जाणार आहे, असे समुपदेशकाकडून ईमेलवर लेखी घेतले आहे का?

७. पहिले बारा दिवस

टेक्सासमध्ये १६ आठवड्यांच्या सत्राचा बारावा वर्गदिवस हा सेन्सस दिवस असतो. त्या दिवसापर्यंत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्यानंतर सोडला तर डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची नोंद) येतो. ८ आठवड्यांच्या सत्रात हा दिवस आणखी लवकर येतो, म्हणून नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमधून घेऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

या दिवसांत मुलाने तीन गोष्टी कराव्यात: अभ्यासक्रमपत्रिका पूर्ण वाचावी, पहिल्या लॅबचा अहवाल वेळेत द्यावा, आणि पहिली लहान चाचणी झाल्यावर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये एकदा जाऊन यावे. पहिल्या चाचणीत सत्तरच्या खाली गुण आले आणि मुलाला आपण कोठे चुकलो हे सांगता आले नाही, तर विषय सोडण्याचा विचार सेन्सस दिवसाआधी करावा. यात कमीपणा नाही. त्या दिवसानंतर सोडावा लागला, तरी ट्रान्सक्रिप्टवरचा एक डब्ल्यू फारसा कोणी विचारत नाही, मात्र डी विचारला जातो. टेक्सासमध्ये पदवीच्या काळात सहाच विषय सोडता येतात असा नियम आहे. हायस्कूलमध्ये असताना सोडलेले विषय त्यात मोजले जात नाहीत.

पालकांसाठी एक कडू गोष्ट. हायस्कूलच्या पोर्टलवर रोज मार्क बघण्याची आपल्याला सवय असते. कॉलेजमध्ये नाव नोंदवल्यापासून, वय सोळा असले तरी, तेथील नोंदींवरचा हक्क केंद्रीय कायद्याने विद्यार्थ्याकडे जातो. प्राध्यापकांना आपण ईमेल लिहिले तर उत्तर येणार नाही, किंवा नम्र नकार येईल. मुलाने संमतिपत्र भरले तर कॉलेज माहिती देऊ शकते, परंतु त्याहून बरे म्हणजे रविवारी संध्याकाळी मुलाने स्वतः पडदा उघडून दाखवावा असे आधीच ठरवून घेणे.

८. सत्र संपल्यावर

क्रेडिट आपोआप विद्यापीठात जात नाही. बारावी संपल्यावर, शेवटचा ग्रेड नोंदला गेल्याची खात्री करून, कम्युनिटी कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाला पाठवण्याची विनंती मुलाने स्वतः करायची असते. दोन वेगळ्या कॉलेजांतून विषय घेतले असतील तर दोन विनंत्या. वाईट ग्रेडचे कॉलेज गाळता येत नाही. अर्जात सर्व कॉलेजे जाहीर करावी लागतात. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर तोच विषय दिसतो म्हणून विद्यापीठाला तो पोहोचला असे समजणे, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक.

ओरिएंटेशनपूर्वी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रत्येक क्रेडिट कोणत्या विषयापुढे नोंदले गेले ते पाहावे. अपेक्षित विषयाऐवजी ऐच्छिक किंवा अनिर्दिष्ट अशी नोंद दिसली तर त्या विभागाच्या सल्लागाराकडे पुनर्विचाराचा अर्ज करता येतो, आणि अर्जासोबत अभ्यासक्रमपत्रिका जोडावी लागते. ती सत्र संपताच कॉलेजच्या पोर्टलवरून नाहीशी होते, म्हणून सत्राच्या पहिल्याच दिवशी उतरवून ठेवावी.

आमच्या मुलीने १४०५ साठी असा अर्ज केला तेव्हा तो फेटाळला गेला, आणि योग्यच फेटाळला गेला, कारण विषयच वेगळा होता. पण आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे बायोल १४०६ अनिर्दिष्ट म्हणून पडले होते, आणि विभागाने लॅबचा पुरावा मागितला. त्याच्या आईने गॅरेजमधल्या खोक्यातून त्याची लॅबची वही काढली. तिच्यावर कसलासा निळा डाग पडलेला होता, पण तारखा आणि शिक्षकांच्या सह्या शाबूत होत्या. दोन आठवड्यांत नोंद दुरुस्त झाली.